लेंटमध्ये सोडलेला कॅचर

फ्लोरियन माझुरेकला कुठलीही गोष्ट टाकून देता यायची नाही. मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या त्यांच्या विटांच्या बुटक्या घराच्या गॅरेजमध्ये गवत कापायची तीन यंत्रं होती आणि त्यातलं एकही गवत कापत नव्हतं. एका बाजूचाच ब्रेड भाजणारा टोस्टर होता. एका पायाने लंगडं मांजर होतं. ते खरं म्हणजे शेजाऱ्यांचं, पण शेजारी घर सोडून गेले आणि मांजर इकडे येऊन राहिलं. लुसील, त्याची बायको, कुणी विचारलं की सांगायची, "आमचं लग्न टिकलंय ते काही माझ्या गुणांमुळे नाही. ह्या माणसाला टाकणं जमतच नाही."

तो शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. थांबा सोडल्यावर आरशात कुणी धावत येताना दिसलं की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्यामुळे त्याची बस कायम उशिरा आणि वरिष्ठांची बोलणी कायम वेळेवर. पण हिवाळ्यात सामानाच्या पिशव्या घेऊन उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आधी आलेली बस मुद्दाम सोडून त्याच्या बससाठी थांबायच्या.

हा स्वभाव बसवर चालून गेला. बेसबॉलच्या लीगमध्ये मात्र त्याने घात केला.

लीग खरी नव्हे, मित्रांची. आठ मित्र दर मार्चमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आधी, एका संध्याकाळी जमायचे आणि पाळीपाळीने देशभरातल्या खऱ्या खेळाडूंची नावं घेऊन आपापला कागदी संघ निवडायचे. एकदा नाव उच्चारलं की तो खेळाडू त्याचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. मग उन्हाळाभर ते खेळाडू आपापल्या मैदानांवर जे काय दिवे लावतील त्याचे गुण इकडे यांच्या नावावर. आपण एका बस ड्रायव्हरच्या मालकीचे आहोत याचा त्या लखपतींना पत्ताही नसायचा.

बाकीचे सात जण आकडे बघून निवडत. फ्लोरियन माणूस बघून निवडायचा. कुणाला जुन्या संघाने अपमान करून काढलेलं, कुणी खांद्याचं ऑपरेशन करून परत येतोय, कुणाच्या घरी नुकतीच जुळी झालीत, झोप मिळत नाही बिचाऱ्याला. त्याचा संघ म्हणजे संघ कमी आणि धर्मशाळा जास्त. आणि त्या धर्मशाळेत कायमची खोली होती ती रस्टी हॅलोरनची.

हॅलोरन कॅचर होता, म्हणजे बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. फार वर्षांपूर्वी, अगदी नवा असताना, एका बर्फाच्या दिवशी त्याची गाडी बंद पडली आणि तो फ्लोरियनच्या बसमध्ये चढला. त्याने एका बाईची सामानाची छोटी ढकलगाडी बसमध्ये चढवून दिली, मैदानापाशी उतरताना "थँक्स, ड्रायव्हर" म्हणाला आणि गेला. एवढीच गोष्ट. पण ती सांगायला फ्लोरियनला आताशा अर्धा तास लागायचा, कारण दर वर्षी बर्फ थोडा वाढायचा. हॅलोरन पुढे चार-पाच संघांत फिरला, त्याचे गुडघे गेले, केस गेले. आता तो बहुतेक वेळ बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायचा. तरी फ्लोरियन दर वर्षी पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच त्याचं नाव घ्यायचा. "शेवटी घे ना, कोण नेतोय त्याला?" असं सगळे सांगायचे. पण शेवटी घेतलं तर त्याला वाईट वाटेल, असं फ्लोरियनचं म्हणणं.

हे सगळं लुसीलला हसून सोडता आलं असतं. पण लीगचा एक रिवाज होता: जो शेवटचा येईल त्याच्या घरी पुढच्या वर्षीची निवड. हरलेल्याने निदान जेवायला तरी घालावं, अशी कल्पना. ती आठ पुरुषांनी बिअर पिताना ठरवली होती, आणि कढईसमोर उभं कोण राहणार हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला ही पाळी घरोघर फिरली. मग हॅलोरनचे गुडघे गेले आणि पाळी माझुरेकांच्या घरात येऊन जी बसली ती उठेचना.

लुसील शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आठवडाभर ती तीनशे पोरांसाठी उकडायची, भाजायची, वाढायची. शुक्रवारची संध्याकाळ तिची असायची. पाय वर करून, कुणालाही काही न विचारता. निवड मात्र नेमकी लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातल्या, शुक्रवारी यायची, म्हणजे मांस वर्ज्य, म्हणजे तळलेला मासा. आठ धडधाकट बाप्यांसाठी मासा, बटाट्याचे पॅनकेक, कोबीचं सॅलड, राय ब्रेड. तळणीचा वास पडद्यांना ईस्टरपर्यंत. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं सोफ्याच्या फटीत. बाथरूमबद्दल तर ती बोलतच नसे.

तेव्हा या वर्षी लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधून परतल्यावर, दोघं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन सूप पीत बसले असताना तिने विचारलं, "लेंटमध्ये काय सोडतोयस?"

"चॉकलेट."

"तुला चॉकलेट आवडत नाही."

"म्हणून तर जमतं."

"फ्लोरियन, ज्याने जीव तुटतो ते सोडायचं असतं."

फ्लोरियनने चमचा खाली ठेवला. "सॉसेज?"

"रस्टी हॅलोरन."

मांजर येऊन त्याच्या पायाशी बसलं. "त्याचं हे शेवटचं वर्ष असेल, लू," तो म्हणाला.

"मागच्या वर्षीही होतं. मला एक शुक्रवार पाहिजे. मी काही पॅरिसला ने म्हणत नाहीये. एक शुक्रवार, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, दुसऱ्या कुणाच्या तरी कढईत. तू निवडीत त्याचं नाव घ्यायचं नाहीस. शब्द दे."

त्याने दिला. कपाळावर राख असताना माणूस नाही म्हणू शकत नाही, हे लुसीलला ठाऊक होतं. तिने वेळ बघूनच विषय काढला होता.

निवडीच्या दिवशी साडेपाचला मंडळी तळघरातल्या छोट्या बारपाशी जमली. खाली आठ जण, वर स्वयंपाकघरात लुसील, आणि मध्ये जिना. हार्डवेअरचं दुकान चालवणारा ऑर्व्हिल भिंतीवर खेळाडूंच्या नावांचे कागद लावायचा मोठा तक्ता चिकटवत होता; तो लुथरन पंथाचा, त्यामुळे त्याला लेंटचा जाच नाही आणि नियम पाळायची हौस दांडगी. एमिल टपाल वाटायचा आणि रविवारी चर्चमध्ये डीकन म्हणून पाद्र्याच्या शेजारी उभा राहायचा. नॉर्बर्ट हिवाळ्यात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. लीग बहुतेक वेळा तोच जिंकायचा आणि जिंकल्याचं वर्षभर विसरू द्यायचा नाही.

एमिलने आल्याआल्या बॉम्ब टाकला. "आज सेंट जोसेफचा सण. सण शुक्रवारी आला की मांसाची बंदी उठते. आज खुशाल सॉसेज खाता येईल."

जिन्यावर माशाचं ताट घेऊन उभी असलेली लुसील म्हणाली, "हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल."

"सहा किलो मासा तळल्यावर माझ्या ज्ञानात भर घालू नकोस, एमिल. गप खा."

"खातो. मासाही चालतो."

फ्लोरियनचे डोळे मात्र चमकले. "म्हणजे आज लेंट नाही?"

"लेंट आहे. फक्त मांसाची बंदी नाही."

"पण समजा एखाद्याने दुसरं काही सोडलं असेल, तर तेही आजच्या दिवस…"

"काय सोडलंयस तू?"

फ्लोरियनने सांगितलं. तळघर दणाणलं. नॉर्बर्ट हसता हसता स्टुलावरून घसरायचा राहिला. "हॅलोरन? अरे, हॅलोरनलाच हॅलोरन सोडवेना, अजून खेळतोय!"

एमिलने मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. धर्माचा सल्ला त्याला फार क्वचित कुणी विचारायचं. "बंदी चर्चने घातली, म्हणून चर्च उठवू शकतं," तो म्हणाला. "नवस तुझा स्वतःचा. शब्द ज्याला दिलास त्यानेच तुला सोडवायचं. देवाला दिलास ना?"

"हो, देवालाच…"

"मला दिलाय," वरून आवाज आला.

"मग लुसीलला विचार," एमिल म्हणाला आणि त्याने पॅनकेककडे हात लांबवला. "देव निदान दयाळू तरी असता."

निवड सुरू झाली. चौथा नंबर फ्लोरियनचा होता. तो उभा राहिला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "एलियास व्हिदाल."

व्हिदाल हा त्या वर्षीचा सगळ्यांत गाजलेला तरुण पिचर, चेंडू फेकणारा. त्याला जुळी नव्हती, त्याचा खांदा शाबूत होता, त्याच्यावर जगात कुणी अन्याय केलेला नव्हता. ऑर्व्हिलने हातातला कागद तसाच धरून विचारलं, "फ्लोरियन, बरं वाटतंय ना तुला?" नॉर्बर्टचा चेहरा पडला. व्हिदाल आपल्यापर्यंत येणार, अशी त्याची पक्की समजूत होती. फ्लोरियन माझुरेक नावाच्या माणसाचा धोका त्याने कधी धरलाच नव्हता.

पुढच्या पाळीला फ्लोरियनने आणखी एक चांगला खेळाडू घेतला. मग आणखी एक. एकदा मोह टाळायची सवय लागली की माणसाला थांबता येत नाही तसं त्याचं झालं. वर लुसील पॅनकेक उलटत कान देऊन ऐकत होती. बेसबॉल तिला फार कळत नसे, पण नॉर्बर्टच्या शिव्या कळायच्या, आणि त्या जितक्या वाढत होत्या तितकं तिला बरं वाटत होतं. पुढच्या वर्षीच्या शुक्रवारी काय करायचं ते ती मनात ठरवू लागली. आधी काहीच करायचं नाही. मग थोडं आणखी काही करायचं नाही.

हॅलोरनचं नाव कुणी घेतलं नव्हतं. घेणार तरी कोण? पण प्रत्येक पाळीला फ्लोरियन तोंड उघडायचा, क्षणभर तसाच थांबायचा, आणि कुठल्यातरी बऱ्या खेळाडूचं नाव घेऊन खाली बसायचा. त्याचा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता. लुसील ब्रेड द्यायला खाली आली तेव्हा तिला तो पाय दिसला. ब्रेकवर होता.

आणि मग नॉर्बर्टची पाळी आली. त्याने सावकाश बिअरचा घोट घेतला, मिशी पुसली, फ्लोरियनकडे बघितलं आणि म्हणाला, "रस्टी हॅलोरन."

"ए!" ऑर्व्हिल ओरडला.

"काय ए? नियमात बसतं ना? मोकळाच होता."

नियमात बसत होतं. ऑर्व्हिलने नाइलाजाने नॉर्बर्टच्या रकान्यात नाव चिकटवलं, तेही जरा वाकडं. अंत्यविधीत जोरात शिंकणाऱ्याकडे बघतात तसे सगळे नॉर्बर्टकडे बघू लागले. हॅलोरन फ्लोरियनचा, ही गोष्ट कुठल्याच नियमात नव्हती, आणि म्हणूनच ती मोडायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

फ्लोरियन उठला. बर्फ आणतो म्हणून वर आला आणि फ्रिज उघडून उभा राहिला.

"तो त्याला बाकावर बसवेल, लू."

"तो बसलेलाच आहे बाकावर."

"तसं नाही. नॉर्बर्ट त्याचा स्कोअरसुद्धा बघणार नाही. सकाळी पेपर उघडून हॅलोरनचं काय झालं, हे अख्ख्या देशात कुणी बघणार नाही."

"फ्लोरियन, त्या माणसाला तू माहीतसुद्धा नाहीस."

"मला तो माहीत आहे ना."

लुसीलने गॅस बारीक केला. या माणसाशी भांडताना हीच अडचण होती. तो वाद घालायचा नाही, नुसता खरं सांगायचा. "फ्रिज लाव," ती म्हणाली. "सगळं वितळतंय."

तो बर्फ न घेताच खाली गेला. पाठोपाठ तिला नॉर्बर्टचा आवाज ऐकू आला. या क्षणाचीच तो वाट बघत होता. "अदलाबदल करायची का? मी हॅलोरन देतो. तू व्हिदाल दे."

"लुटारू आहेस," एमिल म्हणाला.

"त्याने नाही म्हणावं. मी कुठे जबरदस्ती करतोय?"

"अदलाबदल म्हणजे निवड नव्हे," फ्लोरियन घाईघाईने म्हणाला. "मी निवडीत नाव घ्यायचं नाही असा शब्द दिला होता. एमिल, अदलाबदल चालते ना?"

एमिल बराच वेळ विचार करत होता. निदान तोंडात मासा होता तेवढा वेळ. "नुसत्या शब्दावर बोट ठेवून विचारशील तर चालते. डीकन म्हणून विचारशील तर तुला स्वतःलाच माहीत आहे. लुसीलला विचार."

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. लुसील तिथे उभी होतीच, हातात रिकामं ताट घेऊन, कमरेला पीठ लागलेला एप्रन.

व्हिदाल गेला की काय होणार हे कळायला बेसबॉल कळायची गरज नव्हती. फ्लोरियन शेवटचा. पुढच्या मार्चमध्ये हेच आठ जण, हाच जिना, हीच कढई. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या त्या वाकड्या कागदाकडे बघत होता. मग तिने नॉर्बर्टकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सेलच्या दिवशी दुकान उघडायच्या आधी रांगेत उभ्या असलेल्या माणसाची अधीरता होती.

"व्हिदाल फार चांगला आहे का रे?" तिने नॉर्बर्टला विचारलं.

"ठीक आहे. बरा आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग राहू दे की आमच्याकडे."

"तसा… चांगला आहे."

"किती चांगला?"

"लुसील, सरळ बोल, काय पाहिजे?"

"फ्लोरियनला मी शब्दातून सोडवते. हॅलोरन आमचा, व्हिदाल तुझा. आणि व्हिदालबरोबर पुढच्या वर्षीची निवड तुझ्या घरी. शेवटचा कुणीही येवो."

"असं नाही चालत!" ऑर्व्हिल म्हणाला. "शेवटचा जो येईल त्याच्याच घरी. पहिल्या वर्षापासून आहे ते."

"ऑर्व्हिल, तुझी टरफलं सोफ्यातून कोण काढतं?"

ऑर्व्हिलने तक्त्याकडे बघून क्षणभर विचार केला. "अदलाबदलीत काय काय घालायचं, यावर तसं बंधन नाही म्हणा," तो म्हणाला.

नॉर्बर्ट मनातल्या मनात हिशेब करत होता. व्हिदाल मिळाला तर या वर्षीही तोच जिंकणार. बदल्यात एक संध्याकाळ. "बस्स एवढंच ना? चालेल. जेराल्डिन करेल," त्याने बायकोला परस्पर कामाला लावलं.

"जेराल्डिन नाही करणार," लुसील म्हणाली. "तू तळायचंस. बटाटे फ्लोरियन सोलेल, कारण हे सगळं त्याच्यामुळे चाललंय. भांडीही तुम्ही दोघांनीच. आणि माझा तुझ्या तोंडावर विश्वास नाही, म्हणून आत्ता फोन लाव तिला. सगळ्यांसमोर. मोठ्या आवाजावर ठेव."

"आत्ता कशाला त्रास द्यायचा? ती टीव्ही बघत असेल."

"व्हिदाल पाहिजे ना?"

नॉर्बर्टने फोन लावला. पाच-सहा वेळा वाजल्यावर जेराल्डिनचा आवाज आला. "काय हरवलं?"

"काही नाही हरवलं गं. ऐक ना. पुढच्या वर्षीची निवड आपल्याकडे करायचं म्हणतोय."

"तू शेवटचा आलास?"

"अजून मोसम सुरू व्हायचाय, जेरी."

"मग आपल्याकडे का?"

नॉर्बर्टने लुसीलकडे पाहिलं. लुसीलने ताट काखेत धरलं आणि मान हलवली: बोल, बोल. "स्वयंपाक मी करणार आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "मासा तळणार. आणि भांडी पण."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक होत होत बंद झाला.

"तुझ्यासोबत कोण आहे तिथे?" जेराल्डिनने विचारलं. "एमिल आहे का? एमिल, हा पडला का कुठे? डोक्याला लागलंय का?"

"नाही, धडधाकट आहे," एमिल म्हणाला. "बेसबॉलचा खेळाडू घ्यायचाय त्याला."

"हं. लुसील?"

"आहे मी इथेच, जेराल्डिन."

"हे खरं आहे?"

"लिहून घ्यायचं असेल तर घे."

"नको, एवढे साक्षीदार पुरे. आपण दोघी कुठे जायचं त्या दिवशी?"

"तळ्याच्या काठी तो जुना सपर क्लब आहे ना, रात्रीच्या जेवणाचा, तिथे. मासा दुसऱ्यांनी तळलेला."

"आणि कॉकटेल."

"दोन."

"ठरलं," जेराल्डिन म्हणाली. "नॉर्बर्ट, घरी येताना आग विझवायचा सिलिंडर घेऊन ये. ऑर्व्हिलच्या दुकानात असेल." आणि फोन बंद झाला.

ऑर्व्हिलने लगेच सांगितलं की आहे, दोन मापांत आहे. नॉर्बर्टने सौदा पक्का करायला फ्लोरियनचा हात हातात घेतला, पण पकड नेहमीसारखी नव्हती. तक्त्यावरचे दोन कागद निघाले आणि एकमेकांच्या जागी लागले. या वेळी ऑर्व्हिलने हॅलोरनचं नाव सरळ चिकटवलं आणि अंगठ्याने कोपरे दाबले. फ्लोरियनने खुर्ची ओढली, रिकामी केली, पुसली, आणि लुसीलपुढे ठेवली. ती बसली. इतक्या वर्षांत त्या तळघरात ती पहिल्यांदा बसत होती. मग त्याने तिच्यासाठी ताटलीत मासा वाढला, सगळ्यांत मोठा तुकडा, आणि सॅलड वाढायला विसरला.

नॉर्बर्ट सरकत सरकत तिच्या शेजारी आला. व्हिदाल मिळाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता, पण पाहुणा चुकीच्या घरी यावा तसा.

"लुसील," तो हळूच म्हणाला, "तेल तापलं हे कसं कळतं?"

"ब्रेडचा तुकडा टाकायचा. लगेच तडतडून वर आला की तापलं."

"आणि नाही आला वर?"

"मग थांबायचं," लुसील म्हणाली आणि मासा खायला लागली. "उभं राहून."